वृक्षछाटणीची अवजारे (लेखांक ६) : लांब दांड्याची यंत्रकरवत

जमिनीवर उभे राहून डोक्यावरच्या फांद्या कापता याव्यात म्हणून लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली छोटी साखळी-करवत म्हणजे पोल सॉ होय. जालना जिल्ह्यात शेळ्यांसाठी बाभळीचा पाला पाडताना वेळूच्या टोकाला कोयती बांधून जी आकडी वापरली जाते, तिचेच हे इंजिनावर चालणारे रूप आहे. मात्र आकडीने अंगठ्याएवढी डहाळी तुटते, तर पोल सॉ मनगटाहून जाड, प्रसंगी मांडीएवढी फांदी खाली आणते. म्हणून हे यंत्र घेताना इंजिन किती सीसीचे आहे, हा प्रश्न मागाहून विचारावा. कापणारा माणूस कोठे उभा राहणार आणि फांदी कोठे पडणार, हा प्रश्न आधी सोडवावा.

जिल्ह्यात या यंत्राला दोन प्रकारची कामे असतात. एकीकडे अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि जालना तालुक्यांतील मोसंबीच्या बागा आहेत. दुसरीकडे रस्त्याकडेचे कडुलिंब, चिंच, वड, बाभूळ आणि शाळा-कचेऱ्यांच्या आवारातले गुलमोहर आहेत, ज्यांची छाटणी पावसाळ्यापूर्वी, म्हणजे नेमकी एप्रिल-मेच्या उन्हात केली जाते. या दुसऱ्या कामाला कायद्याचीही बाजू आहे. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाड तोडणे या संज्ञेत झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही रीतीने त्याला इजा करणे यांचाही समावेश होतो, त्यामुळे शहरात काम घेणाऱ्या ठेकेदाराने यंत्र बाहेर काढण्याआधी परवानगीचा कागद हातात घेतलेला बरा.

निवडीत पहिला विचार दांड्याच्या लांबीचा. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, म्हणजे टेलिस्कोपिक दांडा साधारण २.७ मीटरपासून ३.९ मीटरपर्यंत लांबतो, आणि जितका लांब तितका चांगला असा समज विक्रेते आणि ग्राहक दोघांचाही असतो. प्रत्यक्षात दांडा उभा सरळ धरून काम करायचे नसते, कारण मग कापलेली फांदी थेट कापणाऱ्याच्या डोक्यावर येते; उत्पादकांच्या पुस्तिकांत दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा करू नये असे सांगितलेले असते. ३.९ मीटरचा दांडा ६० अंशांत धरला तर त्याचे टोक मागच्या हातापेक्षा सुमारे ३.४ मीटर उंच जाते. मागचा हात कमरेशी, जमिनीपासून एक मीटरवर धरला तर करवत सुमारे साडेचार मीटर उंचीवर लागते. त्याच वेळी कापणारा माणूस फांदीच्या कापाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून जेमतेम दोन मीटर दूर असतो. तीन-चार मीटर लांबीची फांदी बुडातून सोडवली आणि तिचे शेंड्याकडचे टोक आधी जमिनीवर टेकले, तर बुडखा फिरून कोणत्या बाजूला येईल हे सांगता येत नाही, आणि दोन मीटर हे अंतर अशा वेळी फारच थोडे असते. म्हणून लांब फांदी शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवावी लागते.

लांबीची दुसरी किंमत हातांना मोजावी लागते. करवतीचे डोके दीड किलोचे असले, ते पुढच्या हातापासून अडीच मीटर दूर असले आणि दोन हातांमध्ये अर्धा मीटर अंतर असले, तर दांडा आडवा धरताना केवळ डोक्याचा तोल सांभाळण्यासाठी मागच्या हाताला साडेसात किलोचा दाब खाली द्यावा लागतो. पहारीने दगड उचकटताना जो नियम आपल्या बाजूने काम करतो, तोच येथे विरुद्ध जातो. पेट्रोलच्या यंत्रात इंजिन मागच्या टोकाला असते आणि ते या ओझ्याला थोडा समतोल देते, तर घरगुती वापराच्या काही बॅटरी-यंत्रांत मोटरच पुढे, करवतीपाशी बसवलेली असते, त्यामुळे एकूण वजन कमी असूनही हात लवकर भरून येतात. केवळ किलोंचा आकडा पाहून निर्णय घेणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. खांद्याचा पट्टा नसलेले यंत्र तर दिवसभराच्या कामासाठी विचारातच घेऊ नये.

पेट्रोल की बॅटरी, या प्रश्नाचे उत्तर जालन्याच्या हवामानात शोधले पाहिजे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर तापली की चार्जर ती भरून घेण्याचे थांबवतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उभ्या जीपमध्ये ठेवलेली बॅटरी ही मर्यादा सहज गाठते. म्हणून बॅटरी-यंत्र घेणाऱ्याने दोन-तीन जादा बॅटऱ्या आणि त्या ठेवण्यासाठी सावलीची जागा यांचा हिशेब धरावा. दवाखाने, शाळा, वसाहती अशा ठिकाणी मात्र आवाज आणि धूर नसणे हा इतका मोठा गुण आहे की तेथे बॅटरीच योग्य. रस्त्याकडेच्या दिवसभराच्या कामाला ३० सीसीच्या आसपासचे दोन-स्ट्रोक इंजिन उजवे ठरते. त्यात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. ५० ला १ हे प्रमाण दिलेले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. मिश्रण बरेच दिवस डब्यात राहिले की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होतात, त्या थरात तेल जवळजवळ नसते, आणि तोच थर इंजिनात गेला तर पिस्टन जाम होतो. यंत्राला किती टक्के इथेनॉल चालते हे विकत घेतानाच विचारून घ्यावे, आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे.

करवतीची पट्टी, म्हणजे बार, १० किंवा १२ इंचांचा पुरेसा होतो. मोठा बार पुढचे वजन वाढवतो एवढेच. साखळीचे पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा भाग. पाव इंच पिचची बारीक साखळी इंजिनाची शक्ती कमी खाते आणि स्वच्छ काप देते, तर तीन-अष्टमांश इंच पिचची बुटक्या दातांची साखळी बाभळीसारख्या कठीण लाकडात जोमाने चालते. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे आणि तारा रुतलेल्या असतात, सालीत धूळ मुरलेली असते, त्यामुळे धार फार लवकर जाते. धारदार दात लाकडाचे चपटे कपटे काढतात; पिठासारखा भुसा पडू लागला की काम थांबवून पिचनुसार ठरलेल्या जाडीची गोल कानस फिरवावी. साखळीला वंगण म्हणून गाडीचे जळके ऑइल घालण्याची सवय पैसे वाचवते असे वाटते, पण त्यातली धातूची कणी तेलपंप आणि बारची खाच दोन्ही खाते.

काप कोठे घ्यावा, यावर झाडाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगवटा असतो. झाड जखम भरून काढत नाही, तर तिला आतून भिंती घालून वेगळे पाडते, हे अमेरिकी वनसेवेतील वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी दाखवून दिले, आणि या कामात त्या फुगवट्याचा मोठा वाटा असतो. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा बाहेरून वरचा काप, आणि उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेरून, असे तीन काप घ्यावेत. खालचा काप वगळला की फांदी कोसळताना खोडाची साल वीत-दोन वीत सोलून नेते, आणि ती जखम कडुलिंबाला वर्षानुवर्षे वागवावी लागते.

विजेच्या तारांजवळ यंत्र निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. दांडा फायबरचा आहे, तेव्हा शॉक बसणार नाही, हा समज जीवघेणा आहे, कारण त्या नळीच्या आत करवत फिरवणारा पोलादी दांडा असतो आणि ओली फांदी स्वतःच वीज वाहून नेते. उत्पादक तारांपासून १५ मीटर अंतर राखण्यास सांगतात. त्याच्या आतले काम महावितरणच्या माणसांनी, शटडाउन घेऊन, परमिट हातात आल्यावर आणि लाइनला अर्थिंग केल्यावरच करायचे असते; अर्थिंग यासाठी की एखाद्या घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर बंद लाइनीत उलट वीज सोडू शकतो.

मोसंबीच्या बागेत पोल सॉची गरज फार थोडी पडते. तोडणीनंतर काढायची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, कात्रीने आणि हातकरवतीने निघते. जुन्या उंच झाडांसाठी आणि बांधावरच्या सुबाभूळ-निलगिरीसाठी आखूड दांड्याचे हलके यंत्र पुरते. जाड काप घेतल्यास त्यावर बोर्डो पेस्ट, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांचे मिश्रण, लावावे.

पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच टाकी भरून, पट्टा खांद्याला लावून, दांडा पूर्ण लांबवून तो ६० अंशांत पाच मिनिटे धरून पाहावा, आणि हे ज्याला रोज यंत्र चालवायचे आहे त्या मजुराने करावे, मालकाने नव्हे. टोक थरथरू लागले तर आखूड दांडा घ्यावा, आणि त्याहून वरच्या फांद्यांसाठी दोर व पट्टा बांधून चढणारा जाणता माणूस किंवा पाळणा असलेली गाडी बोलवावी.