थोड्या जागेत ठसठशीत मथळा

भित्तिपत्रक, वृत्तपत्राचा मथळा किंवा धोक्याची सूचना यांचे पहिले कार्य म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची नजर वेधून घेणे. परंतु कागदाची रुंदी मर्यादित असते. अक्षर मोठे घ्यावे, तर शब्द ओळीत मावत नाही. लहान घ्यावे, तर ते दुरून दिसत नाही. यावर अक्षराची उंची कायम ठेवून रुंदी आवळावयाची आणि रेघा जाड करावयाच्या, असा उपाय मुद्रणव्यवसायाने योजिला.

रोमन लिपीतील छापील अक्षरांच्या टोकांना पूर्वी बारीक आडव्या रेघा असत. त्या वगळलेला पहिला टंक लंडनच्या कॅसलन घराण्यातील चौथ्या विल्यमने १८१६ च्या सुमारास विक्रीस आणला. या परंपरेतील अतिशय परिचित टंक म्हणजे ‘इम्पॅक्ट’. जाहिरात व्यवसायातील जेफ्री ली यांनी तो रेखाटला आणि शेफील्ड येथील स्टीफन्सन ब्लेक या ओतशाळेने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला.

दिलेल्या मापात कागदावर जास्तीत जास्त शाई उमटावी, हे या टंकाचे सूत्र होय. त्यासाठी लहान लिपीतील अक्षरांचा मधला भाग बराच उंच ठेवला आहे. वर व खाली निघणारे दांडे आखूड केले आहेत. अक्षरांमधील अंतरही अत्यल्प आहे. परिणामी ओळ एखाद्या काळ्या पट्ट्यासारखी भरीव दिसते.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने संकेतस्थळांसाठी जाहीर केलेल्या टंकसंचात इम्पॅक्टचा समावेश झाला आणि तो घरोघरच्या संगणकांवर पोहोचला. चित्रावर काळ्या कडेची पांढरी अक्षरे छापून केलेल्या विनोदांची तर ती ओळखच बनली.

मात्र ज्या गुणामुळे हा टंक मथळ्यास शोभतो, तोच मजकुरात दोष ठरतो. जाड रेघांमुळे अक्षरांतील मोकळ्या जागा अरुंद होतात. लहान मापात त्या बुजतात व अक्षरे एकमेकांसारखी दिसू लागतात.

देवनागरीत ही अडचण अधिक बिकट आहे. वेलांटी व मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येत असल्याने मूळ अक्षराला संपूर्ण उंची व्यापता येत नाही. जोडाक्षरांना रुंदी हवी असते. शिवाय ‘ध’च्या माथ्यावरील फट बुजली की ‘घ’चा भास होतो, आणि ‘धार’ची ‘घार’ होते. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘टेको’ टंकात देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींची अरुंद अक्षरे आहेत. तोही मुख्यतः मथळ्यांसाठीच आहे.

म्हणून सूचनाफलक तयार करताना ‘धोका’ हा शब्द ठळक, आवळ टंकात घ्यावा. धोका कोणता आणि काय करावे, हे मात्र मोकळ्या, साध्या अक्षरांत द्यावे. नजर थांबली, पण मजकूर वाचता आला नाही, तर फलकाचा हेतूच विफल होतो.