लेकरांचे आरोग्य : अर्धे काम दवाखान्याचे, अर्धे घरचे



दर अंकात आम्ही बेणे, लागण आणि खतांवर लिहितो. या वेळी विषय लेकरांचा आहे. पण सूत्र तेच. लागणीच्या उसात पोंगा सुकायला लागला, की तो आधी मालकाला दिसतो. आमचा माणूस पंधरा दिवसांनी बांधावर येणार. तुम्ही वेळेत कळवले तर खोडकिडीचा बंदोबस्त होतो, नाहीतर सल्ला कागदावरच राहतो. मुलांचेही तसेच. डॉक्टर त्याला पाच मिनिटे पाहतात. आई-आजी दिवसभर पाहतात.

हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत शिकवलेल्या बाया घरोघर पाठवल्या. त्या बाळ तपासत आणि आईलाही शिकवत. तीन वर्षांत, तुलनेच्या गावांपेक्षा, नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. आज दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

मग घरच्यांनी काय करायचे?

१. खोकला असेल तर मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर न्यूमोनियाचा संशय धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगारा-धुपाऱ्यात रात्र घालवू नका.

२. जुलाब लागले तर ओआरएसचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या करा.

३. मूल काही पीत नसेल, झटके येत असतील किंवा निपचित पडले असेल, तर १०८ ला फोन करा.

४. लसीचे कार्ड मुलाबरोबर फिरले पाहिजे.

हे शेवटचे सोपे वाटते, पण घोटाळा तिथेच होतो. आपल्या कितीतरी सभासदांची मुले-सुना नवी मुंबईत आहेत. कोणी तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी, कोणी कोपरखैरण्याला बिऱ्हाड करून. नातू मे महिन्यात गावी येतो, कार्ड तिकडेच राहते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस मग ना महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात होते, ना गावच्या उपकेंद्रात. कार्ड पिशवीत असले तर दोन्हीकडच्या सिस्टरला पुढची लस कोणती ते कळते.

ऊसतोड मजुरांच्या लेकरांची गत याहून अवघड. सहा महिने इथे, सहा महिने तिथे. म्हणून विनंती, की ज्यांच्या रानाशेजारी कोप्या पडतील, त्यांनी पाच वर्षांखालची मुले किती आहेत, एवढा निरोप आशाताईंना त्याच दिवशी द्यावा. आमचे स्लिपबॉयही हे काम करतील. उसाची नोंद आपण चुकू देत नाही. लेकराची का चुकावी?

— ऊस विकास अधिकारी