खिशातील फोन आणि आपला ठावठिकाणा

एखादा मनुष्य कोठे राहतो, कोठे काम करतो, कोणत्या दवाखान्यात जातो, कोणत्या सभेस उपस्थित राहतो आणि रात्री कोणाच्या घरी मुक्काम करतो, एवढे ज्ञात झाले म्हणजे त्याच्या आयुष्याविषयी अज्ञात असे फारसे उरत नाही. पूर्वी ही माहिती मिळविण्यासाठी त्याच्या मागावर माणूस ठेवावा लागे. हे काम खर्चाचे व कष्टाचे असल्यामुळे ते थोड्यांच्याच वाट्यास येत असे. स्मार्टफोनने ही अडचण दूर केली. आज मागावर राहणारे हे साधन प्रत्येक जण स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि रात्री उशाशी ठेवून निजतो.

फोनच्या द्वारे आपला ठावठिकाणा कोणकोणत्या मार्गांनी बाहेर जातो, त्यांपैकी कोणते मार्ग आपणास बंद करता येतात व कोणते येत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे मार्ग अनेक आहेत आणि एक बंद केल्याने दुसरा बंद होत नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी.

टॉवर : फोनची हजेरी

फोन चालू होताच तो रेडिओ तरंगांच्या द्वारे जवळच्या टॉवरशी संपर्क साधून आपली हजेरी लावतो. असे करणे त्यास भागच असते. कारण आपणास कोणी फोन केला तर ती हाक देशाच्या कोणत्या भागातील टॉवरांवरून द्यावयाची, हे कंपनीस ठाऊक असावे लागते. दाट वस्तीच्या शहरांत टॉवर काहीशे मीटरांच्या अंतराने असतात, तर ग्रामीण भागात ते काही किलोमीटर दूर असू शकतात. म्हणून या मार्गाने शहरात पेठ कळते, खेड्यात केवळ साधारण परिसर कळतो. साध्या, बटणांच्या फोनासही हाच नियम लागू आहे.

केलेल्या व आलेल्या कॉलच्या नोंदीत टॉवरची खूणही असते. अशा नोंदी किमान २ वर्षे जतन कराव्यात, असा आदेश केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांस दिला. फोनमधील ‘लोकेशन’ची सोय बंद केल्याने ही हजेरी थांबत नाही. फोन बंद केला अथवा ‘फ्लाइट मोड’वर ठेवला, तरच ती थांबते.

उपग्रह : बोलतात, ऐकत नाहीत

आकाशातील उपग्रह आपणास पाहत असतात, असा समज पुष्कळांचा आढळतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून अचूक वेळ सांगणारे संकेत अखंड प्रसारित करीत असतात. भारताची ‘नाविक’ ही योजनाही याच तत्त्वावर चालते. संकेत सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने येतो. तो किती विलंबाने पोचला यावरून उपग्रहाचे अंतर निघते. आणि निदान ४ उपग्रहांची अंतरे मिळाली म्हणजे फोन आपले स्थान काही मीटरांच्या अचूकतेने ठरवितो.

देवळातील घंटेचा नाद गावभर ऐकू जातो, पण तो कोणी कोणी ऐकला हे घंटा वाजविणाऱ्यास कळत नाही. उपग्रहांचेही तसेच आहे. मात्र फोनने काढलेले उत्तर फोनमधील ॲपांना मिळू शकते आणि ॲप ते इंटरनेटवरून आपल्या मालकाकडे धाडू शकते. तेव्हा गळती आकाशातून होत नसून आपण ॲपला दिलेल्या परवानगीतून होते.

याशिवाय आसपासच्या वायफाय यंत्रांची व ब्लूटूथ खुणांची नावे वाचूनही फोन आपले स्थान ओळखतो. कोणते वायफाय यंत्र कोठे आहे याच्या सूची मोठ्या कंपन्यांनी तयार केलेल्या असल्यामुळे, जेथे उपग्रहाचा संकेत नीट पोचत नाही अशा इमारतीतही फोनास आपली जागा कळते.

नोंदी एकत्र आल्या म्हणजे

एक सुटी नोंद क्षुल्लक वाटते. नोंदींची माळ मात्र बोलू लागते. जर्मनीतील हरित पक्षाचे राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्या फोनविषयीच्या नोंदी डॉइच टेलिकॉम या कंपनीकडून मागून घेतल्या. ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१० या ६ महिन्यांत ३५ हजारांहून अधिक नोंदी झालेल्या होत्या. २०११ मध्ये ‘डी त्साइट’ या वृत्तपत्राने त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा त्यांचा प्रवास, काम व विश्रांती यांचा क्रम कोणासही वाचता येऊ लागला. संभाषणातील एकही शब्द त्या नोंदींत नव्हता.

नोंदींतून नाव वगळले म्हणजे धोका टळतो, असे म्हटले जाते. २०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजास धक्का दिला. १५ लाख व्यक्तींच्या १५ महिन्यांच्या निनावी नोंदी तपासता असे आढळले की, एखादी व्यक्ती कोणत्या वेळी कोठे होती याचे केवळ ४ दाखले हाती असले तर ९५ टक्के व्यक्तींची माळ इतरांहून वेगळी ओळखता येते. याचे कारण उघड आहे. ज्या घरी आपण रात्री निजतो आणि ज्या जागी दिवसा काम करतो, त्या दोन्ही जागा समान असलेली माणसे फारच थोडी असतात.

समूहाच्या नोंदीही निर्धोक नसतात. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या सदस्यांच्या मार्गांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. तथापि निर्जन प्रदेशांत उजळलेल्या रेषांवरून सैनिकी तळांच्या जागा व तेथील धावण्याचे मार्ग दिसून येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले.

नोंदी कोणास हव्या असतात

पुष्कळ ॲपे विनामूल्य असतात व जाहिरातींवर चालतात. प्रत्येक स्मार्टफोनास जाहिरातींसाठी एक क्रमांक दिलेला असतो. निरनिराळ्या ॲपांकडून आलेली माहिती या क्रमांकाखाली जुळविता येते, आणि अशी माहिती विकत घेणारे व विकणारे व्यापारीही आहेत. दुसरीकडे, तपासयंत्रणा कायद्याच्या आधारे कंपन्यांकडून नोंदी मागवितात. हरवलेल्या माणसाच्या शोधात त्यांचा उपयोगही होतो.

पण सर्वांत निकटचा धोका कित्येकदा घरातलाच असतो. छळास कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीच्या फोनमधील खाते पतीच्या फोनवरही उघडे असेल, तर ती कोठे आश्रयास गेली हे त्यास बसल्या जागी कळू शकते. अशा प्रसंगी ठावठिकाणा गुप्त राहणे हा जिवाचा प्रश्न असतो.

काय करता येईल

पहिली गोष्ट परवानग्यांची. फोनच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ या सदराखाली कोणकोणत्या ॲपांस स्थान कळते, याची यादी सापडते. नकाशाच्या ॲपास अथवा टॅक्सी बोलाविताना स्थान द्यावे लागते. विजेरीच्या अथवा खेळाच्या ॲपास ते देण्याचे प्रयोजन नाही. द्यावयाचेच असेल तर ‘ॲप वापरत असतानाच’ हा पर्याय निवडावा. हवामानाच्या ॲपास अंदाजे स्थान पुरते. अचूक स्थान नाकारण्याची सोय अलीकडील फोनांत आहे.

दुसरी, जाहिरातींच्या क्रमांकाची. अलीकडील अँड्रॉइड फोनांत तो पुसून टाकता येतो. आयफोनवर २०२१ पासून ॲपांस मागोवा घेण्यापूर्वी अनुमती विचारावी लागते, ती नाकारावी.

तिसरी, छायाचित्रांची. कॅमेऱ्यास स्थानाची परवानगी असली तर छायाचित्राच्या आत ते टिपलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. ही परवानगी काढून घ्यावी.

चौथी, खात्यांची. आपले खाते कोणकोणत्या फोनांवर उघडे आहे व आपले स्थान कोणास दिसत आहे, हे मधून मधून तपासावे. मात्र संकटात सापडलेल्या व्यक्तीने असे बदल करण्यापूर्वी सुरक्षित जागी जावे, आणि मदत मागण्यासाठी दुसऱ्याचा फोन वापरावा. कारण बदल झाल्याचे पाळत ठेवणाऱ्यास कळू शकते.

या उपायांची मर्यादाही जाणून असावे. त्यांनी टॉवरची हजेरी थांबत नाही, आणि मुद्दाम पाळतीसाठी रचलेल्या हेर-प्रणालीपुढे ते अपुरे पडतात. तेथे व्यक्तीची दक्षता संपून कायद्याचे काम सुरू होते.

कायद्याचे संरक्षण

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्णय दिला. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयासमोर एक नेमका प्रश्न आला. जामीन देताना, आरोपीने आपले स्थान गूगलच्या नकाशावर तपास अधिकाऱ्यास उपलब्ध करून द्यावे, अशी अट घालण्यात आली होती. न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयां यांच्या पीठाने ती रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर पोलिसांस सतत पाळत ठेवता यावी अशी अट त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. नागरिकांच्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही केला आहे. मात्र त्यात शासकीय यंत्रणांस सूट देण्याची तरतूद असल्याने त्यावर टीकाही झालेली आहे.

‘ज्याने काही वावगे केले नाही, त्यास लपविण्याचे कारण काय?’ असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर वरील निर्णयात आहे. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याच्याही पावलापावलाची नोंद मागण्याचा अधिकार जर पोलिसांस नाही, तर ज्याच्यावर कसलाच आरोप नाही अशा मनुष्याची तीच नोंद विजेरीच्या ॲपाने मागावी, यास काय आधार आहे? ॲप परवानगी मागते तेव्हा ‘कशासाठी?’ हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर निःसंकोचपणे नकार द्यावा.