ओठांवरील फोड : प्रकाश की औषध?

तापानंतर किंवा अहिल्यानगरच्या वैशाखी उन्हात राबल्यावर अनेकांच्या ओठाच्या कडेला झोंबणारे फोड उठतात. ही नागीण नव्हे. हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा विकार होय. विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत सुप्त राहत असल्याने त्याचे समूळ उच्चाटन ना प्रकाशाने होते, ना औषधाने. अवरक्त प्रकाशोपचाराने काहींना आराम पडतो. परंतु त्याचा पुरावा मर्यादित आहे. उन्हातील अतिनील किरण तर हा विकार चाळवतात. असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या झिणझिण्या जाणवताच वैद्यकीय सल्ल्याने घेतल्यास फोड सुमारे एक दिवस लवकर बरे होतात. म्हणून यंत्रापेक्षा वेळेवरची गोळी आम्ही श्रेयस्कर मानतो. फोड असताना तान्ह्या बाळाचा मुका मात्र कृपया घेऊ नये. त्याच्या जिवावर बेतू शकते.