यंत्रमानव आणि वेठ

‘रोबो’ हा शब्द इंग्रजीच्या मार्गाने आपल्याकडे आला असला, तरी तो मुळात चेक भाषेतला आहे. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या एका नाटकात तो प्रथम अवतरला. ज्या ‘रोबोटा’ शब्दावरून तो घडविला गेला त्याचा अर्थ आहे वेठ. धन्याच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. मराठी माणसाला हा अर्थ फोड करून सांगावयास नको. आपण मात्र या यंत्राला ‘यंत्रमानव’ असे नाव दिले, आणि त्यामुळे वेठ मागे पडून मानव तेवढा पुढे आला. डोके, दोन डोळे आणि दोन पाय असलेला लोखंडी पुतळा म्हणजे यंत्रमानव, ही समजूत त्यातूनच दृढ झाली. जी मुलेमुली आज माध्यमिक शाळेत आहेत आणि या विद्येकडे ओढली जात आहेत, त्यांनी प्रथम ही समजूत दूर सारावी.

कारखान्यात कामाला लागलेला पहिला यंत्रमानव ‘युनिमेट’ या नावाचा होता. १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात, तो उभा राहिला. त्याला तोंड नव्हते, पाय नव्हते. तो नुसता एक अवजड हात होता. साच्यातून निघालेले धातूचे तप्त भाग उचलून बाजूला ठेवणे हे त्याचे काम. ज्या कामात माणसाचा हात भाजे, ते काम या हाताने पत्करले. म्हणजे शब्दाच्या मुळाशी असलेली वेठ कृतीच्याही मुळाशी होतीच.

मग यंत्र आणि यंत्रमानव यांत भेद कोणता? विजेचा पंखा फिरतो, परंतु खोलीत कोणी आहे की नाही हे त्यास कळत नाही. यंत्रमानवाच्या ठायी तीन गोष्टी एकत्र येतात. भोवतालची स्थिती जाणणे, जाणलेल्यावरून काय करावे ते ठरविणे, आणि ठरविलेले प्रत्यक्ष करणे. चांद्रयान-३ मधील ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची, सव्वीस किलो वजनाची गाडी ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरली, हे आपणांस ठाऊकच आहे. २७ ऑगस्ट रोजी तिच्या समोर तीन मीटरवर एक विवर आले. त्याचा व्यास चार मीटर होता. ते दिसताच तिला मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली आणि तिने नवी वाट धरली. येथे धोका जाणला गाडीच्या कॅमेऱ्यांनी, मागे फिरल्या तिच्याच चाकांनी, परंतु निर्णय पृथ्वीवरील माणसांनी दिला. चंद्रापर्यंत संदेश जाण्यास सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून हे साधले. मंगळावर संदेश पोचण्यास काही मिनिटे लागतात. तेथील गाडीला पुष्कळसे निर्णय स्वतःच घ्यावे लागतात. निर्णयाचा किती भाग यंत्रावर सोपवावा आणि किती माणसाने हाती ठेवावा, हा या शास्त्रातील संशोधनाचा एक मोठा प्रश्न आहे.

हे सारे ऐकून कोणास वाटेल की ही विद्या मोठ्या प्रयोगशाळांचीच आहे. तसे नाही. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवे तयार केली. प्रत्येकात रेडिओत असतात तशा दोनच निर्वात नळ्या होत्या, आणि प्रकाश व स्पर्श जाणण्याची सोय. तेवढ्या सामग्रीवर ती प्रकाशाकडे जात, अडथळा लागला की बाजूने वाट काढीत.

आजची मुले बहुधा पहिली गाडी बनवितात ती काळ्या रेघेवरून चालणारी. तिची युक्ती समजावून घेण्यासारखी आहे. पांढऱ्या जमिनीवर काळी रेघ आखतात. गाडीच्या पुढच्या बाजूस, रेघेच्या दोन्ही अंगांना, प्रकाश जाणणारे दोन ‘डोळे’ बसवितात. पांढरी जमीन प्रकाश परत फेकते, काळी रेघ तो गिळते. डाव्या डोळ्याला काळे दिसले, तर गाडी उजवीकडे ढळली आहे असे समजावयाचे आणि डावे चाक मंद करावयाचे. म्हणजे गाडी डावीकडे वळते. एवढ्यावर गाडी चालते, पण नागमोडी, झोकांड्या खात. ती सरळ जावी असे वाटत असेल तर किती ढळली हे मोजावे लागते, आणि जितके ढळणे तितकीच दुरुस्ती, असा हिशेब बसवावा लागतो. ढळल्याचे माप सतत यंत्राकडे परत पोचविणे हे तत्त्व त्या दोन डोळ्यांच्या गाडीत जसे आहे, तसेच मोटारीच्या कारखान्यातील यांत्रिक हातातही आहे. गणिताच्या तासाला निरुपयोगी वाटणारे आलेख येथे एकाएकी बोलू लागतात.

अशा यंत्रांच्या स्पर्धा आता जगभर भरतात. शाळकरी मुलांसाठी ‘वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड’ २००४ पासून सुरू आहे, आणि २०१६ साली तिचे जागतिक सामने भारतात झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आशिया-प्रशांत प्रसारण संघाने २००२ साली ‘रोबोकॉन’ सुरू केली. तिचे सामने २००८ साली पुण्यात भरले, तेव्हा विषय होता ‘गोविंदा’: बाळकृष्णाची लोण्याची चोरी यंत्रांनी करून दाखवावयाची! मुंबईतील आयआयटीची ‘ई-यंत्र’ स्पर्धाही महाविद्यालयांतील मुलांना परिचयाची आहे.

या स्पर्धांचे मोल पदकात नाही. घरी शंभर वेळा नीट चाललेली गाडी मैदानावर अडते, कारण तेथील खिडकीतून येणारे ऊन तिच्या डोळ्यांना दिपविते. अशा वेळी रडण्यास वेळ नसतो. कारण शोधावे लागते. एकाने जोडणी पाहावी, दुसऱ्याने आज्ञावली तपासावी, तिसऱ्याने नोंदवहीतून मागील मापे काढावीत. हे सहकार्य पुस्तकातून येत नाही. मात्र महागडा तयार संच आणून, दुसऱ्याची आज्ञावली उतरवून काढून मिळविलेले यश पोकळ असते. परीक्षकाने ‘हे असे का केले?’ एवढेच विचारले की ते कोसळते. शासनाने २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग’ प्रयोगशाळा शाळांना देण्यास आरंभ केला; सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्या आहेत. ज्या शाळेत ती नाही, तेथे मोडक्या खेळण्यातील मोटार आणि टाकून दिलेल्या छपाईयंत्रातील दातेरी चाके यांवरही आरंभ होऊ शकतो.

व्यवसायाचा विचार करता, ही एकच वाट नव्हे. कारखान्यातील यांत्रिक हात बसविणारा व दुरुस्त करणारा आयटीआयचा कारागीर या विद्येस जितका आवश्यक, तितकाच गणिताचा पदवीधर आणि अभियंताही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गी पदार्थ दुरून हाताळणाऱ्या यंत्रांवर काम चालते. दुर्गापूरला मध्यवर्ती यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. बाँब हाताळणारा ‘दक्ष’ हा पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने सिद्ध केला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्र आले की माणसाचे काम जाते, ही भीती खोटी नाही. मोटारींचे सांगाडे जोडणाऱ्या हातांची जागा कित्येक ठिकाणी यंत्रांनी घेतली आहे. परंतु याच देशात गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरून विषारी वायूने माणसे गुदमरून मरतात. असे धोक्याचे काम माणसाकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली, तरी मृत्यू थांबले नाहीत. केरळातील काही तरुण अभियंत्यांनी या कामासाठी ‘बँडिकूट’ हे यंत्र तयार केले, आणि २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरममध्ये कामास लागले. त्याचा पाय असलेला भाग खाली उतरतो, कॅमेऱ्यातून आतले दृश्य वर पडद्यावर दिसते. आणि ते चालविण्याचे शिक्षण सफाई कामगारांनाच देण्यात आले. वेठ गेली, पोट मात्र मारले गेले नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, यंत्र कसे बनवावे हे जरूर शिका. त्यासाठी गणित, पदार्थविज्ञान आणि हातांचे कसब, तिन्ही कमवा. पण पुढच्या स्पर्धेसाठी विषय निवडताना आपल्या गावाकडे, मोहल्ल्याकडे एकदा नीट पाहा. कोणाची पाठ वाकते आहे, कोणाचे हात भाजत आहेत, हे आधी त्यांनाच विचारा, आणि यंत्र आल्यावर त्या माणसाने काय करावे याचेही उत्तर आराखड्यातच लिहा. त्या उत्तरावाचून तुमचा आराखडा पुरा झाला असे मानू नका.