ट्रिपॅनोसोमॅटिड परजीवींमधील संदेशवाहक आरएनएवरील प्रक्रिया

ट्रिपॅनोसोमॅटिड हा एका कशाभिकेच्या साहाय्याने हालचाल करणाऱ्या एकपेशीय परजीवींचा गट आहे. या गटातील ट्रिपॅनोसोमा ब्रुसीमुळे आफ्रिकेत निद्रारोग, ट्रिपॅनोसोमा क्रूझीमुळे लॅटिन अमेरिकेत चागास रोग आणि लीशमॅनिया डोनोव्हानीमुळे भारतीय उपखंडात व पूर्व आफ्रिकेत काळा आजार होतो. या परजीवींमध्ये संदेशवाहक आरएनए तयार होण्याची रीत मानवी पेशीतील रीतीहून बरीच वेगळी आहे. जीवशास्त्रात आणि औषधशोधात या वेगळेपणाला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

जनुकातील माहितीवरून प्रथम आरएनएची प्रत तयार होते. या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. मानवी पेशीत ही प्रत प्रारंभी कच्ची असते. तिच्या पुढील टोकास रासायनिक ‘टोपी’ बसवली जाते, मधले निरुपयोगी भाग (इंट्रॉन) वगळून उपयुक्त भाग (एक्सॉन) सांधले जातात आणि मागील टोकास अ‍ॅडेनिनयुक्त घटकांची लांब ‘शेपटी’ जोडली जाते. इंट्रॉन वगळून सांधण्याच्या क्रियेस स्प्लायसिंग म्हणतात. हिवतापाचा परजीवी प्लास्मोडियम यातही हीच रीत आढळते. म्हणजेच पुढे वर्णिलेली वैशिष्ट्ये सर्वच एकपेशीय परजीवींना लागू नाहीत.

अनेक जनुकांची सलग प्रत

ट्रिपॅनोसोमॅटिडांच्या गुणसूत्रांवर अनेक जनुके एकापाठोपाठ एक रांगेने असतात आणि त्यांचे प्रतिलेखन सलग होते. या शेजारी जनुकांची कार्ये बहुधा परस्परांशी संबंधित नसतात. एकाच लांब गुंडाळीवर निरनिराळ्या व्यक्तींना उद्देशून पत्रे लिहावीत, तशी ही प्रत असते. पत्रे रवाना करण्यापूर्वी ती सुटी करावी लागतात आणि प्रत्येकाच्या माथ्यावर ‘श्री’ घालावा लागतो.

ट्रान्स-स्प्लायसिंग

हे दुहेरी काम ट्रान्स-स्प्लायसिंग या क्रियेने होते. एका स्वतंत्र छोट्या आरएनएच्या आरंभीचा ३९ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा प्रत्येक संदेशाच्या पुढील टोकास जोडला जातो. या तुकड्यावर टोपी आधीच बसवलेली असते, त्यामुळे प्रत्येक संदेशाला ती आयतीच मिळते. नेहमीच्या स्प्लायसिंगमध्ये एकाच रेणूचे भाग सांधले जातात. येथे दोन भिन्न रेणूंचे भाग जोडले जातात. नेहमीच्या क्रियेत इंट्रॉनचा फास तयार होतो, तर येथे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी शाखायुक्त रचना तयार होते. अशी रचना १९८६ मध्ये प्रयोगांतून दिसून आली.

जोडणीची जागा तिच्या आधी असणाऱ्या पिरिमिडिनयुक्त पट्ट्यावरून ठरते. त्याच पट्ट्याच्या अनुरोधाने अलीकडच्या जनुकाच्या संदेशाला शेपटीही जोडली जाते. अशा रीतीने एका संदेशाचा शेवट आणि पुढील संदेशाचा आरंभ या दोन्ही क्रिया परस्परांशी बांधलेल्या असतात. नेहमीचे इंट्रॉन ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या अगदी मोजक्या जनुकांतच आढळतात.

जनुकांचे नियंत्रण

सलग प्रतिलेखनामुळे बहुतेक जनुके स्वतंत्रपणे चालू वा बंद करता येत नाहीत. तथापि त्से-त्से माशीच्या शरीरातून सस्तन प्राण्याच्या रक्तात जाताना परजीवीला तापमान आणि अन्न यांतील मोठ्या बदलाशी जुळवून घ्यावे लागते. हे जुळवून घेणे मुख्यतः संदेश तयार झाल्यानंतर साधले जाते. कोणता संदेश किती काळ टिकावा व त्यापासून किती प्रथिन बनावे, हे संदेशाच्या मागील भागाला चिकटणारी प्रथिने ठरवतात.

युरिडिन संपादन

या परजीवींच्या तंतुकणिकेत आणखी एक क्रिया घडते. १९८६ मध्ये रॉब बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका संदेशात मूळ डीएनएमध्ये नसलेली ४ युरिडिने आढळली. काही संदेशांत तर शेकडो युरिडिने घातली जातात. ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या एका संदेशाचा निम्म्याहून अधिक भाग अशा रीतीने भरलेला असतो. काही ठिकाणी युरिडिने काढूनही टाकली जातात. हे फेरफार कोठे करावयाचे, हे ‘मार्गदर्शक आरएनए’ दाखवतात. त्यांचा शोध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

वैद्यकीय महत्त्व

निद्रारोगाच्या प्रगत अवस्थेत दीर्घकाळ वापरलेले मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त औषध उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्के रुग्णांच्या मृत्यूस कारणीभूत ठरत असे. म्हणून परजीवीला मारणारे, पण रुग्णाला अपाय न करणारे औषध शोधणे निकडीचे होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अ‍ॅकोझिबोरोल हे औषध सीपीएसएफ३ या विकराला निष्प्रभ करते असे दिसून आले. संदेशाच्या मागील टोकाशी आरएनए कापण्याचे काम हे विकर करते. मानवी पेशीतही त्याचे प्रतिरूप असते; मात्र औषध ज्या जागी बसते तेथील रचना दोहोंत भिन्न आहे. अ‍ॅकोझिबोरोलच्या रुग्णांवरील चाचण्यांत ते तोंडावाटे एकाच मात्रेत देण्यात आले.