आकाशाचा कानोसा

गस्तीवर फिरणारे पोलीस, विजेच्या तारा दुरुस्त करणारी पथके, अग्निशमन दले, सैन्याच्या छावण्या, अशा ठिकाणी घरगुती लॅपटॉप फार दिवस तग धरू शकत नाही. धूळ, पाऊस, हादरे आणि कडक ऊन यांना तोंड देता यावे, म्हणून काही लॅपटॉप मुद्दामच दणकट बांधणीचे तयार करतात. जपानमधील पॅनासोनिक कंपनीचा ‘टफबुक’ हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. तो १९९६ पासून बाजारात आहे. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच, उचलावयास मूठ, प्रत्येक छिद्रावर रबरी कडांचे घट्ट झाकण आणि भर उन्हातही वाचता येईल असा पडदा, ही अशा यंत्रांची ठळक लक्षणे होत. दिसावयास ती ओबडधोबड असतात. परंतु देखणेपणासाठी ती कोणी घेत नाही.

मोठ्या संस्था काही वर्षांनी नवी यंत्रे घेतात आणि जुनी विकून टाकतात. मग मूळ किमतीच्या अल्पशा भागात ती सामान्य माणसाच्या हाती येतात. गिर्यारोहक, होडी चालवणारे, रानोमाळ हिंडून वनस्पतींची नोंद करणारे असे लोक ती आवडीने घेतात. कारण त्यांतील कित्येकांत जीपीएस, म्हणजे उपग्रहांच्या साह्याने आपले स्थान सांगणारी सोय, आतच बसवलेली असते. यंत्र घरी येते, पडद्यावर नकाशा उघडतो. पण आपण कोठे आहोत हे काही तो सांगत नाही. जीपीएस बिघडला असे समजून पुष्कळ जण त्याचा नाद सोडतात. वस्तुतः बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. त्याला कोणी जागे केलेले नसते, किंवा तो बोलत असून त्याचे बोलणे कोणी ऐकत नसते.

जीपीएसचा रिसीव्हर आकाशाकडे काहीही पाठवीत नाही. तो केवळ ऐकतो. अमेरिकेने या योजनेतील पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला आणि १९९५ मध्ये ती व्यवस्था पूर्ण झाल्याचे जाहीर केले. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून किमान २४ उपग्रह फिरत राहतील, अशी तिची आखणी आहे. प्रत्येकात अत्यंत अचूक आण्विक घड्याळ असते. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत’ एवढेच तो उपग्रह सतत सांगत असतो. प्रकाशाच्या वेगाने येणारा हा संदेश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला हे कळले, की उपग्रह किती दूर आहे हे कळते. आणि अशी अंतरे कळली, की आपले स्थान निश्चित होते. यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो! रिसीव्हरमधील स्वस्त घड्याळ इतके अचूक असणे शक्य नाही. म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही. घड्याळातील चूक शोधून काढण्यासाठी चौथा लागतो.

आता आपल्या मुक्या लॅपटॉपकडे वळू. पहिला प्रश्न अगदी साधा आहे: त्यात रिसीव्हर आहे काय? एकाच नमुन्याची यंत्रे काही संस्थांनी जीपीएससह मागवलेली असतात, काहींनी त्यावाचून. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या तळाशी छापलेल्या लांबलचक नमुना-क्रमांकावरून हा उलगडा पुष्कळदा होतो. विक्रेत्याला आधीच विचारून ठेवावे हे खरे. पण शेकडो यंत्रे एकगठ्ठा घेणाऱ्या विक्रेत्यालाही ते ठाऊक असेलच असे नाही. रिसीव्हर नसेल, तर यूएसबीला जोडावयाचा छोटासा बाह्य रिसीव्हर घेणे हाच सोपा उपाय होय.

रिसीव्हर असला, तरी तो झोपलेला असू शकतो. यंत्र सुरू होताना, विंडोज वा लिनक्स येण्यापूर्वी, ‘बायोस’ नावाची एक मूळ कार्यप्रणाली चालते. टफबुकमध्ये आरंभीच एफ-२ ही कळ दाबली असता तिचा तक्ता उघडतो. कित्येक नमुन्यांत त्या तक्त्यात जीपीएस चालू वा बंद करण्याची सोय असते. पूर्वीच्या मालकाला त्याची गरज नसेल, तर त्याने तो बंद करून ठेवलेला असतो, आणि मग वर कितीही खटपट केली तरी व्यर्थ. शिवाय जुनी यंत्रे विकताना त्यांतील माहिती इतरांच्या हाती पडू नये म्हणून डिस्क काढून घेतात किंवा पुसून टाकतात. त्याबरोबर कंपनीने दिलेले ड्रायव्हरही जातात. ते त्या नेमक्या नमुन्यासाठी असलेलेच मिळवून पुन्हा घालावे लागतात.

रिसीव्हर जागा झाला, की कधीकधी एक गंमत घडते. पडद्यावरचा बाण आपोआप नाचू लागतो, खिडक्या उघडतात, मिटतात, नको त्या ठिकाणी कळ दाबली जाते. भुताटकीच म्हणावी असा हा प्रकार! पण याचे कारण मोठे सरळ आहे. यांतील पुष्कळ रिसीव्हर संगणकाशी सिरियल पोर्टमधून, म्हणजे अक्षरांमागून अक्षरे पाठवण्याच्या जुन्या वाटेने बोलतात. एके काळी माउसही याच वाटेने जोडीत. विंडोज सुरू होत असताना त्या वाटेवरून अक्षरांचा ओघ येताना दिसला, की तो माउसच आहे असा विंडोजचा समज होतो आणि जीपीएसने सांगितलेले अक्षांश-रेखांश तो बाणाच्या हालचाली म्हणून वाचू लागतो. उपकरणांच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ असे नाव आढळले, तर ते बंद करावे. काढून टाकू नये. काढून टाकले, तर पुढच्या वेळी विंडोज ते पुन्हा शोधून काढते.

त्यानंतर जो कार्यक्रम नकाशा दाखवणार, त्याला रिसीव्हर कोणत्या पोर्टवर आहे आणि किती वेगाने बोलतो हे सांगावे लागते. हा वेग बहुधा ४८०० किंवा ९६०० असतो. वेग चुकला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा खच पडतो. बोलणारा एका लयीत बोलत असून ऐकणारा दुसऱ्या लयीत ऐकतो, तशातला हा प्रकार. आणखी असे, की विंडोजमध्ये एक सिरियल पोर्ट एका वेळी एकाच कार्यक्रमाला वापरता येतो. पहिला नकाशा उघडा ठेवून दुसरा उघडला, तर दुसऱ्याला काहीच मिळत नाही. लिनक्सवर ‘जीपीएसडी’ नावाचा कार्यक्रम मध्यस्थाचे काम करून एकच बातमी अनेकांना वाटून देतो.

एवढे झाल्यावरही यंत्र घराच्या आत ठेवून चालत नाही. उपग्रहाचा संदेश जमिनीपर्यंत येईतो इतका क्षीण होतो, की स्लॅबच्या छताखाली तो बहुधा पोहोचतच नाही. दाट झाडी आणि अरुंद दऱ्या याही त्याच्या वाटेत आड येतात. यंत्र मोकळ्या मैदानात न्यावे, आणि मग वाट पाहावी. वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेल्या रिसीव्हरला आजची तारीख ठाऊक नसते, आपण कोठे आहोत हे ठाऊक नसते, कोणता उपग्रह क्षितिजावर आहे याचीही कल्पना नसते. त्याला एकेक उपग्रह चाचपून शोधावा लागतो. उपग्रह आपली माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या संथ गतीने देतो. स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. परंतु सर्व उपग्रहांचे स्थूल पंचांग एकदा पुरे होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. मध्येच संदेश तुटला, तर तो भाग पुन्हा येईपर्यंत थांबणे आले. उतावीळ माणूस दोन मिनिटांत कंटाळतो, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि साऱ्या शोधाचा श्रीगणेशा पुन्हा होतो. पंधरा-वीस मिनिटे यंत्राला हात न लावणे हीच येथे खरी दुरुस्ती होय.

रिसीव्हर जे बोलतो, ते आपणांसही वाचता येते. जहाजांवरील उपकरणांसाठी अमेरिकेत ठरवलेल्या एका पद्धतीप्रमाणे तो बहुधा दर सेकंदाला काही ओळी पाठवतो. प्रत्येक ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, मजकूर स्वल्पविरामांनी तोडलेला असतो आणि शेवटी ओळ बिनचूक आली की नाही हे पाहण्यासाठी एक ताळा असतो. ‘आरएमसी’ या ओळीत वेळेनंतर एक अक्षर येते. ते ‘व्ही’ असेल, तर स्थान अजून सापडलेले नाही. ‘ए’ झाले, की सापडले. म्हणजे ‘व्ही’ दिसत असतानाही निराश होण्याचे कारण नाही. रिसीव्हर जिवंत आहे, वाट योग्य आहे. केवळ आकाश हवे आहे.

या ओळीतील आकडे मात्र फार जपून वाचावेत. समजा, पुण्यात उभे असताना उत्तर अक्षांश १८३१.२२४ असा दिसला. घाईने कोणी तो १८.३१२२४ अंश असा वाचील. वास्तविक पहिले दोन आकडे अंशांचे आणि उरलेले कलांचे, म्हणजे हे १८ अंश ३१.२२४ कला आहेत. एका अंशाच्या ६० कला, तेव्हा ३१.२२४ ला ६० ने भागावे. उत्तर १८.५२०४ अंश येते. दोन्ही वाचनांत फरक ०.२१ अंशाचा दिसतो खरा, पण जमिनीवर तो सुमारे २३ किलोमीटर भरतो! रानात वाट चुकलेल्या माणसाचे स्थान कोणी असे चुकीचे वाचून कळवले, तर शोधपथक भलत्याच डोंगरात हिंडत राहील, आणि दोष मात्र यंत्राला दिला जाईल.

वेळही अशीच गोंधळात टाकते. रिसीव्हर जागतिक प्रमाणवेळ सांगतो. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. तारखेची तऱ्हा तर याहून विचित्र. या पद्धतीत ६ जानेवारी १९८० पासून आठवडे मोजतात आणि मूळ संदेशात त्या मोजणीला १०२४ आठवड्यांपुरतीच जागा आहे. ती भरली, की गणना पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा घडले. कित्येक जुन्या रिसीव्हरांना हे उमगत नाही, आणि ते आजची तारीख सुमारे १९ वर्षे ७ महिने मागची दाखवतात. अक्षांश-रेखांश मात्र त्या वेळीही बहुधा बरोबरच असतात. अशा रिसीव्हरवरून लॅपटॉपचे घड्याळ लावू नये. नोंदवहीत तारीख हाताने लिहावी आणि स्थान त्याच्याकडून घ्यावे.